भरल्या ताटावरचा उपवास: जिताड्याच्या जिऱ्यांना अमिनो आम्लं कशी मिळाली

ज्यांना बसमध्ये इयरफोन लावायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

इतिहास म्हटलं की आपल्या डोक्यात किल्ले, तह आणि लढाया येतात. आजचा इतिहास मात्र दोन-अडीच मिलिमीटर लांबीच्या एका जिवाच्या पोटाचा आहे. आणि गंमत अशी की त्या जिवाला पोटच नसतं! म्हणजे आतडं असतं, पण जठर नसतं. ते नंतर तयार होतं.

एक टाकी डोळ्यांसमोर आणा. गाळलेलं समुद्राचं पाणी, खालून हवेचे बुडबुडे, आणि त्यात लाखभर माशाची पिल्लं. काचेसारखी पारदर्शक. पाण्यात खाणं भरपूर आहे. पिल्लं खातायत, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या आतड्यात खाणं दिसतंय. तरी आठवडा-दोन आठवड्यांत टाकीच्या तळाला मेलेल्या पिल्लांचा थर जमतो. रोग नाही, विष नाही, पाणीही ठीक आहे. मग मेली कशाने?

समुद्री मासे टाकीत वाढवायचा प्रयत्न ज्यांनी ज्यांनी केला, त्या सगळ्यांना हे कोडं पडलं. नॉर्वेत पडलं, जपानमध्ये पडलं, आपल्याकडेही पडलं. त्याचं उत्तर एका झटक्यात मिळालं नाही, तुकड्यातुकड्यांनी मिळालं. आणि त्यातला एक तुकडा थेट आमच्या पलूस तालुक्याच्या शिवारापर्यंत येतो. तो कसा, ते शेवटाकडे.

आधी जिताड्याची ओळख

पलूसला समुद्र नाही. आमच्याकडे कृष्णा आहे, आणि माशांच्या दुकानात रोहू, कटला, मरळ. त्यामुळे घाटावरच्या मंडळींना आधी जिताडा कोण ते सांगतो.

जिताडा म्हणजे एशियन सीबास. ऑस्ट्रेलियात त्यालाच बारामंडी म्हणतात, बंगालमध्ये भेटकी. रायगडमध्ये पेण-अलिबागकडे हा मानाचा मासा. पाहुणचारात जिताडा असला की तो पाहुणा खास समजायचा. तिथल्या खारपट्टीत, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या भातशेतीत, गावोगाव तळी आहेत. अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंड भागातली जिताड्याची तळी तर प्रसिद्ध आहेत. पावसाळ्यात खाडीतून येणारं जिताड्याचं बीज पकडायचं, तळ्यात सोडायचं आणि वाढवायचं. ही तिथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. बीज खाडी देईल तेवढंच. खाडीत भराव पडला, कांदळवन तुटलं, पाणी खराब झालं, की बीजाची वाट अडते. मग तळं आहे, माणूस आहे, बाजार आहे, पण बीज नाही.

त्यात या माशाचा स्वभाव वेगळाच. जिताडा नर म्हणून जगायला सुरुवात करतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे बाजारात जो सगळ्यात मोठा जिताडा बघून आपण ‘वा!’ म्हणतो, ती बहुतेक वेळा आई असते. मोठी मादी लाखांनी अंडी देते. खाडीतून एक मोठी मादी गेली की काय गेलं, याचा हिशेब तुम्हीच करा.

मग प्रश्न येतो: हॅचरीत बीज का तयार करू नये? गोड्या पाण्यातल्या माशांचं तर केलंच की. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी भारतीय कार्प माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी द्यायला लावली. आपल्याकडची रोहू-कटल्याची शेततळी याच कामावर उभी आहेत. मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग बोटुकली हे शब्द आमच्याकडच्या शेततळेवाल्यांनाही पाठ असतात. आणि त्या जिऱ्यांना खायला काय? तळ्यात शेण टाकून वाढवलेले सूक्ष्मजीव आणि वरून भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा. झालं.

जिताड्याचं मात्र इतक्यात झालं नाही. थायलंडमध्ये सोंगखला इथल्या केंद्रात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची हॅचरी-पैदास जमली. भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेने, म्हणजे सिबाने, १९९७ मध्ये बंदिस्त जिताड्यांपासून बीज तयार केलं. अंगुलनंतर तब्बल ४० वर्षांनी. कारण अंडी मिळवणं हा अर्धाच खेळ होता. उरलेला अर्धा खेळ होता त्या पिल्लांच्या तोंडात काय घालायचं हा.

पहिलं उत्तर: जिवंत घास

जिताड्याचं अंडं एक मिलिमीटरहूनही लहान असतं, खसखशीच्या दाण्याहून बारीक. आता सामन माशाचं अंडं बघा: वाटाण्याएवढं. त्यात आईने इतका डबा भरून दिलेला असतो की पिल्लू पहिला घास घेतं तेव्हा त्याचं जठर तयार झालेलं असतं. त्याला पहिल्या दिवसापासून कोरडं खाद्य चालतं. जिताड्याच्या पिल्लाचा डबा दोन-तीन दिवसांत संपतो. तोपर्यंत तोंड नुकतंच उघडलेलं, डोळे नुकतेच रंगलेले, आणि जठराचा पत्ता नाही.

अशा पिल्लाला हलणारा, तोंडात मावणारा घास लागतो. या घासाचा शोध कसा लागला ते ऐका. १९३३ मध्ये अमेरिकेत अॅल्विन सील यांनी आणि १९३९ मध्ये नॉर्वेत गुन्नार रोलेफसेन यांनी दाखवलं की आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या किड्याएवढ्या जिवाची पिल्लं माशांच्या पिल्लांना उत्तम चालतात. आर्टेमियाची अंडी वाळवून डब्यात वर्षानुवर्षं ठेवता येतात. मिठाच्या पाण्यात टाकली की दिवसभरात पिल्लं बाहेर! अमेरिकेतलं ग्रेट सॉल्ट लेक हे सरोवर या अंड्यांचं मोठं कोठार बनलं. आपल्याकडेही, मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया असल्याची नोंद १९५०च्या दशकात झाली.

पण आर्टेमियासुद्धा काही पिल्लांच्या तोंडाला मोठा पडायचा. १९६० मध्ये जपानच्या ताकाशी इतो यांनी यावर तोडगा सुचवला. जपानी ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर नावाचा एक सूक्ष्म जीव अचानक माजायचा आणि तळ्याचं पाणी बिघडवायचा. शेतकरी त्याला वैतागलेले. इतोंनी म्हटलं, हाच पिल्लांना खायला घालू. शेतातलं तण भाजी म्हणून ताटात यावं तसं झालं हे. आजही जगभरातल्या समुद्री हॅचरींत पहिला घास रोटिफरचा आणि दुसरा आर्टेमियाचा असतो. जिताड्याचाही.

कोडं सुटलं? नाही. रोटिफर पावाच्या यीस्टवर वाढवायची सोपी युक्ती सापडली, टाक्या रोटिफरने भरल्या, आणि पिल्लं पुन्हा मरायला लागली. ताकेशी वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०-८०च्या दशकांत दाखवलं की यीस्टवर वाढलेल्या रोटिफरमध्ये ओमेगा-३ प्रकारची लांब साखळीची चरबी नसते, आणि समुद्री पिल्लू ती स्वतः बनवू शकत नाही. मग रोटिफरलाच आधी माशाचं तेल खाऊ घालायचं आणि मग रोटिफर पिल्लाला घालायचा, अशी रीत पडली. म्हणजे घास हा डबा झाला. हवं ते त्यात भरायचं आणि पाठवायचं.

मरणं कमी झाली. तरी काही पिल्लं कण्यात वाकडी, काही खुजी. चरबीचा प्रश्न सुटला, तेव्हा दुसरा उघडा पडला. तो प्रथिनांचा.

१९५७: एकाच वर्षी तीन गोष्टी

प्रथिनं म्हणजे प्रोटीन. जिममधल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. शरीरातली प्रथिनं २० अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांना मुळाक्षरं समजा. ‘कृष्णा’ लिहायचं आहे आणि तुमच्याकडचा ‘ष’ संपला, तर ‘क’ पोतंभर असून उपयोग काय? शब्द तिथेच अडतो. उरलेली अक्षरं शरीर साठवून ठेवत नाही, जाळून टाकतं. माशात त्या जळण्यातून अमोनिया निघतो आणि टाकीच्याच पाण्यात जातो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, एक डिपेंडन्सी नाही म्हणून अख्खा बिल्ड फेल.

हे आपल्या ताटात शतकानुशतकं सांभाळलेलं आहे. ज्वारीत लायसिन नावाचं अक्षर कमी पडतं. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनीन कमी. भाकरीबरोबर आमटी घेतली की दोघी एकमेकींची उणीव भरून काढतात. आमच्या आज्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण नुसती भाकरी त्यांनी कधी वाढली नाही. निदान ज्या घरात डाळ परवडत होती त्या घरात.

प्रयोगशाळेत हे कळायला बराच वेळ लागला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ उंदरांना प्रथिनांऐवजी शुद्ध अमिनो आम्लांचं मिश्रण घालत होते. तेव्हा माहीत असलेली सगळी अक्षरं दिली तरी उंदीर वाढेनात. म्हणजे एखादं अक्षर अजून सापडायचंच होतं! ते १९३५ मध्ये सापडलं: थ्रिओनीन. त्यानंतर कुठली अमिनो आम्लं शरीर स्वतः बनवतं आणि कुठली बाहेरूनच यावी लागतात, याची यादी पक्की होत गेली.

माशांचं काय? तोपर्यंत अमेरिकेतल्या हॅचरींत सामनला कत्तलखान्यातलं काळीज आणि तसलंच मांस घालत. १९५७ मध्ये जॉन हॅल्व्हर यांनी सामनला शुद्ध अमिनो आम्लांचं खाद्य दिलं आणि एकेक आम्ल काढून बघितलं. माशालाही १० अमिनो आम्लं बाहेरूनच लागतात, जवळजवळ उंदरासारखीच, हे सिद्ध झालं. आधुनिक मत्स्यखाद्याचा पाया हा.

त्याच १९५७च्या जुलैत अंगुलचा प्रयोग झाला. आणि त्याच वर्षी जपानमध्ये क्योवा हाक्को कंपनीच्या शुकुओ किनोशिता आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला. मातीत राहणारा एक जिवाणू साखर खाऊन ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकतो, असं त्यांना सापडलं होतं. ग्लुटामिक आम्ल म्हणजे चायनीजच्या गाडीवरच्या अजिनोमोटोचा गाभा. पुढे त्याच जातीच्या जिवाणूत बदल करून त्यांनी लायसिनही बनवलं, आणि १९५८ पासून त्याचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं. जिवाणूला लागते फक्त स्वस्त साखर. हा धागा धरून ठेवा, आपल्याला तो परत लागणार आहे.

तिन्ही कामं वेगवेगळ्या देशांत, एकमेकांच्या ओळखीशिवाय चालली होती. एकाने माशाला अंडी द्यायला लावली, दुसऱ्याने माशाला काय लागतं ते सांगितलं, तिसऱ्याने ते लागणारं स्वस्तात बनवलं. आजची मत्स्यशेती तिघांच्या बेरजेवर चालते.

अंडं तरंगतं कसं?

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे! यादी मिळाली, अमिनो आम्लं मिळाली, पूड करा आणि टाकीत टाका. सामनला चाललं. जिऱ्यांना चाललं नाही. का नाही, याचं उत्तर नॉर्वेच्या बर्गन शहरात, अंड्यांचा अभ्यास करताना सापडत गेलं.

समुद्री माशांची बरीचशी अंडी पाण्यात तरंगतात. तरंगायला त्यांना हलकं व्हावं लागतं. कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, बरोबर? विरघळलेला पदार्थ जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. माशाची आई हीच युक्ती उलटी वापरते. अंडी घालायच्या आधीच्या काही तासांत ती अंड्यातली काही प्रथिनं फोडून मोकळी अमिनो आम्लं करते. ती विरघळतात, आईच्या शरीरातलं पाणी अंड्यात ओढून घेतात, अंडं फुगतं आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी होतं. माशाच्या अंगातलं पाणी समुद्राहून कमी खारट, म्हणून हलकं. अंडं तरंगायला लागतं.

म्हणजे आईने पिल्लाला दिलेल्या डब्यात अमिनो आम्लांचा मोठा हिस्सा आधीच सुटा करून ठेवलेला असतो. काही जातींत जवळजवळ निम्मा! १९८९ मध्ये बर्गनच्या हान्स यॉर्गन फ्यून यांनी प्रश्न विचारला: ही मोकळी अमिनो आम्लंच पिल्लाचं इंधन तर नाहीत? त्यांच्या आणि इव्हार रोनेस्टाड यांच्या कामातून दिसत गेलं की हो, पिल्लू ती नुसती शरीर बांधायला वापरत नाही, जाळतंही. १९९८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी खुद्द जिताड्याच्या अंड्यांत आणि पिल्लांत मोकळी अमिनो आम्लं मोजली. तिथेही ती इंधन म्हणून खर्च होताना दिसली.

आता विचार करा. डबा संपतो. पिल्लाला जठर नाही, म्हणजे प्रथिनं फोडायची आम्लाची भट्टी नाही. आणि त्याची वाढ किती? काही जातींत दिवसाला दहा-वीस टक्के, कधी त्याहून जास्त. ५० किलोचा माणूस एका दिवसात ५५-६० किलोचा व्हावा तसं. या वेगाला अमिनो आम्लं लागतात, आणि लवकर शोषता येतील अशी लागतात. समुद्रात ती कुठून मिळतात? कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जिवांतून. त्यांच्या अंगात मोकळी अमिनो आम्लं भरपूर असतात. टाकीतला रोटिफर मात्र या बाबतीत गरीब.

भरल्या ताटावरचा उपवास तो हा. खाणं दिसतंय, आतडंही भरलंय, पण पिल्लाला जे आयतं शोषता येईल ते त्यात थोडं आहे.

पूड का चालेना?

मग कोरड्या खाद्यात मोकळी अमिनो आम्लं घालून बघितली. दोन अडचणी आल्या.

पहिली अडचण पाण्याची. पिल्लाच्या तोंडात मावेल असा कण मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा. इतक्या बारीक कणातून विरघळणारा पदार्थ बघता बघता पाण्यात जातो. चहात साखर टाकून ती परत चमच्याने काढायला गेल्यासारखं. पिल्लू घास घेईपर्यंत अमिनो आम्लं टाकीत, आणि टाकीत जिवाणूंची मेजवानी.

दुसरी अडचण वेळेची. मोकळी अमिनो आम्लं आतड्यातून पटकन आत जातात, प्रथिनांत बांधलेली हळूहळू. बांधकामावर वाळू सकाळी आली आणि सिमेंट संध्याकाळी, तर गवंडी काय करणार? शब्द जुळवायला सगळी अक्षरं एका वेळी हवीत. कार्प माशांत हे १९७०च्या सुमारास जपानमध्ये दिसलं होतं: निव्वळ मोकळ्या अमिनो आम्लांवर ते नीट वाढेनात.

मधली वाट फ्रान्समध्ये सापडली. १९९७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे जिताड्याचं बीज तयार झालं त्याच वर्षी, तिथल्या इफ्रेमेर संस्थेच्या झाम्बोनिनो इन्फांते आणि शांताल काहू यांनी युरोपियन सीबासच्या पिल्लांना थोडं अर्धवट फोडलेलं प्रथिन दिलं. दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे, ना पूर्ण सुटे ना पूर्ण बांधलेले. पिल्लं जास्त जगली, जास्त वाढली आणि कण्यातली व्यंगं कमी झाली. पण प्रमाण वाढवलं की फायदा जायचा. थोडं हवं, फार नको. आंबवलेल्या इडलीच्या पिठासारखं: पचायला सोपं होईल इतकंच.

सोबत दुसरा मार्ग होताच: जिवंत डबा. अमिनो आम्लं चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत बंद करून रोटिफरला खाऊ घालायची आणि रोटिफर पिल्लाला. फुग्यामुळे ती पाण्यात निसटत नाहीत.

याच मार्गाने एक जुना पाहुणा परत आला: टॉरीन. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर हे नाव तुम्ही वाचलं असेल. १८२७ मध्ये ते बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं गेलं, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. ते प्रथिनांत गुंफलं जात नाही, म्हणून अनेक वर्षं माशांच्या खाद्यात त्याचा कुणी फारसा विचार केला नाही. पण कोपेपॉडमध्ये ते भरपूर असतं आणि रोटिफरमध्ये फारच थोडं. जपानमध्ये २०००च्या दशकात रोटिफरला टॉरीनच्या पाण्यात ठेवून मग पिल्लांना घातलं, तर रेड सी ब्रीम आणि फ्लाउंडरसारख्या माशांची पिल्लं जास्त चांगली वाढली.

जिताड्याच्या हॅचरीत सारख्या वाढीला आणखी एक अर्थ आहे. जिताड्याची पिल्लं भावंडांना खातात! स्वतःच्या निम्म्याहून मोठ्या भावंडालाही गिळतात. दहा पिल्लं पुढे गेली आणि शंभर मागे राहिली, की पुढची दहा मागच्यांवर जगतात. म्हणून हॅचरीतले कामगार दर काही दिवसांनी जाळीतून गाळून मोठी-लहान वेगळी करतात. खाद्यात एखादं अक्षर कमी पडलं की मागे राहणारी वाढतात, आणि एकमेकांना खाणंही वाढतं.

आणि आता पलूस

तर पलूसकराला याच्याशी काय देणं-घेणं?

मघाचा धागा आठवा. लायसिन बनवणाऱ्या जिवाणूला स्वस्त साखर लागते. जगभर त्यासाठी मक्याचं स्टार्च, बीटाची मळी आणि उसाची मळी वापरतात. मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, दाट रस. पलूस तालुक्यात कुंडलला क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे, आणि हंगामात आमच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर रांगेत असतात. आपल्याकडे मळी मुख्यतः मद्यार्क आणि इथेनॉलकडे जाते. पण तीच मळी लायसिनचा कच्चा माल आहे. कोंबडीखाद्यात घालतात ते लायसिन बहुतेक असंच, जिवाणूंनी साखर खाऊन बनवलेलं.

दुसरा धागा सोयाबीनचा. माशांच्या खाद्यात प्रथिनं आजवर मुख्यतः फिशमीलमधून आली, म्हणजे समुद्रातूनच पकडलेली बारीक मासळी वाळवून केलेली पूड. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तारली मोठ्या प्रमाणात या पुडीत जाते. तारली हा गरिबाच्या ताटातला मासा. तो दळून महागड्या माशाला घालायचा, हा व्यवहार कुठेतरी खटकतो.

आणि तो धोक्याचाही आहे. १९७० मध्ये पेरू देशाने अँकोव्हेटा मासळी एक कोटी टनांहून जास्त पकडली. १९७२-७३ मध्ये एल निन्यो आला, आधीच बेसुमार पकड झालेली होती, आणि मासळी कोसळली. जगात फिशमील महागलं, सोयाबीनही महागलं. तेव्हापासून फिशमीलच्या जागी सोयापेंड घालायचा प्रयत्न जोरात सुरू झाला. इथे अमिनो आम्लांची गरज पडते, कारण सोयात मेथिओनीन कमी आणि टॉरीन जवळपास नाहीच. जपानमध्ये फिशमील कमी करून सोया वाढवलेल्या खाद्यावर रेड सी ब्रीम आणि यलोटेल या माशांची यकृतं हिरवी पडायला लागली. टॉरीन घातलं, तेव्हा ती परत ठीक झाली. हिशेब साधा आहे: सोयापेंड + मेथिओनीन + टॉरीन, म्हणजे समुद्रातून तेवढी तारली कमी.

मोठ्या जिताड्यासाठी या वाटेने बरंच पुढे जाता येतं. म्हणूनच मला हा इतिहास आपल्या कामाचा वाटतो. घाटावरचा ऊस आणि सोयाबीन, आणि घाटाखालचं जिताड्याचं तळं, यांच्यात एक खरा धागा आहे. तो अजून आपण विणलेला नाही.

पण जिऱ्यांच्या बाबतीत? तिथे इतिहासाने अजून हार मानायला लावलेली आहे. ग्लुटामिक आम्लाच्या शोधाला, अंगुलला, हॅल्व्हरच्या यादीला सहा दशकांहून जास्त काळ लोटला. अमिनो आम्लं किलोने मिळतात. तरी जिताड्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, जठर तयार होईपर्यंत, रोटिफर आणि आर्टेमियाला पूर्ण बाजूला सारेल असं कोरडं खाद्य रोजच्या हॅचरीत सर्रास चालत नाही. आजही एका सरोवरातली वाळलेली अंडी जहाजातून येतात आणि त्यांवर इथली हॅचरी चालते. गेल्या दशकात सिंधुदुर्गात पिंजऱ्यातल्या जिताडापालनाचा प्रकल्प झाला, तेव्हा बीज तमिळनाडूतून आणावं लागलं. जिताडा कोकणाचा, खाडी कोकणाची, आणि पिल्लू दुसऱ्या किनाऱ्यावरून!

यात मला दोष शोधायचा नाही. हॅचरी उभी करणं म्हणजे वर्षभर रोटिफरची टाकी, शेवाळाची टाकी, आर्टेमियाचे डबे आणि रात्रपाळीची माणसं सांभाळणं. जठर नसलेल्या जिवाला तीन आठवडे जगवायचा हा खर्च आहे. तो जेवढा कमी होईल, तेवढी हॅचरी खाडीच्या जवळ येईल. शहापूरच्या तळ्याला बीज जवळ मिळेल, आणि खाडीतल्या मोठ्या माद्यांवरचा भार थोडा हलका होईल. हे सगळं अडलंय एका बारीक कणावर: पाण्यात विरघळायचं नाही, पण जठराशिवाय पचायचं.

केमिस्ट्री, बायोटेक, फूड टेक करणारे बरेच जण हे ऐकताय. आमच्या भागातल्या पोरांनी आजवर कारखान्यात, डेअरीत, द्राक्षबागेत किंवा माझ्यासारखी पुण्याच्या कंपनीत नोकरी बघितली. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. माशांच्या पोषणावर तिथे शिकता येतं, संशोधन करता येतं. पलूसच्या पोरानं समुद्राचा अभ्यास करायला काही हरकत नाही. मळी आणि सोयाबीन आपल्या शिवारातच आहे.

आजचं इथेच थांबवतो. पेण-अलिबागकडचं कुणी ऐकत असेल, तर तुमच्या गावच्या तळ्यात पूर्वी बीज कुठून यायचं आणि आता कुठून येतं, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारून व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्या ऐकूया. तोवर, नमस्कार!